शेवटच्या भागात कळशी नव्हती

एखाद्या मालिकेनं तुम्हाला फसवलं, तर तुम्ही तक्रार कुठं नोंदवता?

हसू नका, मनापासून विचारते आहे. बियाणं उगवलं नाही तर कृषी कार्यालयात अर्ज देता येतो. रेशनच्या तांदळात अळ्या निघाल्या तर तहसीलच्या पायरीवर बसता येतं. मी बसलेली आहे. रस्ता वर्षात उखडला तर ठेकेदाराच्या नावानं घोषणा देता येतात. त्या त्याच्या कानावर गेल्या नाहीत तरी आपला घसा मोकळा होतो. पण एका मेलेल्या बाईला न्याय मिळवून देतो असं रोज संध्याकाळी सात वाजता सांगायचं, सबंध सुगी आम्हाला झुलवत ठेवायचं आणि शेवटच्या दिवशी "तिचा पाय घसरला" एवढं बोलून निघून जायचं, हे कोणत्या कलमात बसतं? कोणत्या दारात जाऊन उभं राहायचं?

यंदा मालदांडी ज्वारी पुन्हा चांगली आली आहे. शाळेमागून रानाकडं जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंनी कणसं वाकलेली आहेत, आणि सकाळच्या उन्हात पाल्याचा तो कोरडा गोड वास सुटलेला आहे. हा वास आला की आमच्या लोहारा तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला सुगी आठवते. मला ती मालिका आठवते. काल शेजारची सुनंदा मोबाईल घेऊन आली. तिच्याकडं आता स्वतःचा मोबाईल आहे. नव्या मालिकेची जाहिरात तिनं दाखवली. पुन्हा एक विहीर, पुन्हा पांढऱ्या कापडाखाली एक बाई, पुन्हा काळा चष्मा लावून जीपमधून उतरणारी अधिकारीण.

"ताई, ह्ये बघावं का?" तिनं विचारलं.

मी मोबाईल तिला परत दिला. गावात चेष्टेनं म्हणतात की माझ्याकडं प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं.

त्याला कारण आमचे आण्णा. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर चळवळीत. सभा झाली की उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरी यायचे. पिवळी, गुलाबी, फिक्कट हिरवी. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. एका अंगाला 'जाहीर आवाहन', दुसऱ्या अंगाला बे एके बे. मला वाचता येऊ लागलं ते 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. त्यामुळं मालिका या प्रकाराबद्दल माझं मत आधीच तयार होतं: बायकांना घरात बसवून ठेवायचं हे हत्यार आहे. हे मी एकदा शेतात, बायका ओळीनं पातीला लागल्या असताना, मोठ्यानं बोलून दाखवलं.

भामामावशी म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात वयस्क बाई. ती माती झाडत म्हणाली, "घरात कुठं बसलाव माय? रानात हाव की. तू बी वाक जरा."

मी वाकले.

त्या सुगीत आमच्या गल्लीत वीज नव्हती. आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, फूटपट्टीनं आखल्यासारखं. सरळ रस्ते, सारखी घरं, आणि गल्लीगल्लीची वीज वेगवेगळ्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. हरभऱ्याला पाणी द्यायला सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि आमच्या बाजूची डीपी जळाली. नवी मिळायची म्हणजे वरून आदेश, आदेशाला गाडी, गाडीला माणूस. मी दोन पत्रकं काढली, एक मोर्चा काढला. डीपी आली तेव्हाच आली. तोवर संध्याकाळी आमच्या अर्ध्या गावात चुलीचा जाळ तेवढा दिसायचा. सुनंदाला माहीत होतं की मालिका मोबाईलवरही दिसते. पण मोबाईल नवऱ्याच्या खिशात असायचा आणि नवरा त्या वेळी चौकात. माझ्याकडं मोबाईल होता, पण मला मालिका बघायची लाज वाटायची.

गावाच्या पलीकडच्या टोकाला, सडकेजवळ, इंदूकाकूंचं घर होतं. त्यांची वीज शाळेच्या लाइनीवर. म्हणून आमच्या पातीतल्या बायकांपैकी मालिका बघणाऱ्या त्या एकट्याच. बाकीच्यांना सात वाजता भाकरी सोडून तिकडं जायची सोय नव्हती. मग ठरलं काही नाही, आपोआप झालं: रात्री इंदूकाकूंनी बघायचं आणि सकाळी पातीत सांगायचं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. इंदूकाकूंची एकुलती लेक, लता, उमरग्याकडच्या एका गावात दिली होती. काही वर्षांपूर्वी ती पाण्याला गेली आणि विहिरीत पाय घसरून गेली. आम्ही असंच ऐकलं होतं, असंच एकमेकींना सांगितलं होतं. मालिकेतली बाईसुद्धा विहिरीत सापडलेली. म्हणून सुरुवातीला सुनंदानं विषय टाळायचा प्रयत्न केला. इंदूकाकूच म्हणाल्या, "सांगते की. गोष्ट हाय, तिला काय हुतंय."

आधी हरभरा काढला, मग ज्वारी. हरभरा दव पडलेला असताना उपटायचा. त्याची आंब बोटांच्या भेगांत शिरली की डोळ्यांत पाणी यायचं. आणि ज्वारी आम्ही कापत नाही, मुळासकट उपटतो. दोन ताटं एका मुठीत धरायची, कंबरेत वाकून ओढायची, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि मागं टाकायची. दुपार चढली की काळी जमीन ताट सोडत नाही. हाताला चिंध्या बांधल्या तरी फोड येतात. पण पातीच्या मधोमध इंदूकाकूंचा आवाज सुरू झाला की हात आपोआप चालायचे. कडेच्या बायका ऐकू येत नाही म्हणून जवळ सरकायच्या आणि पात वाकडी व्हायची. शेतमालक बांधावरून ओरडायचा, आणि भामामावशी त्याला सांगायची, "दम धर की. मढं आत्ताच वर काढलंय."

काय सांगायच्या त्या! जीपचा आवाज तोंडानं काढायच्या. मालिकेतल्या सासऱ्याचं खाकरणं, दिराचं खाली बघणं, नवऱ्याचं सारखं सारखं तोंड पुसणं. "लई रडाय लागला," त्या सांगायच्या, "पर डोळ्यात टिपूस न्हाय. दस्ती कोरडी ती कोरडी." अधिकारीणबाई तर त्यांच्या सांगण्यात अशी उभी राहायची की मीसुद्धा, मालिका म्हणजे हत्यार म्हणणारी, सकाळी घरातून लवकर निघू लागले.

एक दिवस त्या म्हणाल्या, "काल कळशी घावली."

"कुठं? हिरीत?" सुनंदानं विचारलं.

"न्हाय. घरात. घडवंचीवर. काठोकाठ भरल्याली, वर तांब्या पालथा."

पातीतल्या सगळ्या बायकांचे हात थांबले. भामामावशी ताठ उभी राहिली. "आगं बया. मग ती पाण्याला गेलीच कशाला? भरल्याली कळशी घरात ठिवून कोन जातंय हिरीवर?"

"त्येच म्हनली की ती बाई," इंदूकाकू म्हणाल्या. "जीपमधनं उतरली, घरात शिरली, कळशी बघितली. आन सगळ्यांम्होरं म्हनली, कुनी हात लावायचा न्हाय."

ते वाक्य त्या सुगीत आमचं होऊन गेलं. कुणी झाडाखाली भाकरी ठेवली की म्हणायचं, "कुनी हात लावायचा न्हाय." सुनंदाचं बाळ झोळीत झोपलं की, "कुनी हात लावायचा न्हाय." एकदा मालक चहाची किटली घेऊन आला आणि स्वतःच आधी पेला भरू लागला. पातीतून सगळ्या एका सुरात बोलल्या आणि त्याचा हात खरंच थांबला. इतकं हसलो होतो. इंदूकाकूही हसल्या. त्या हसण्याकडं मी तेव्हा नीट पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, कोण जाणे.

पुढं रोज कळशी यायची. अधिकारीणबाईनं कळशी कापडात बांधून नेली. कळशीवर नाव कोरलेलं निघालं, तिच्या आईबापानं लग्नात दिलेली. सासू म्हणाली दुसरी कळशी होती. बाईनं विचारलं, दाखव. दुसरी कळशी घरात नव्हतीच. आता नवऱ्याच्या हातात बेड्या पडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. ज्वारीचं शेवटचं वावर राहिलं होतं, आणि मालिकेचा शेवटचा आठवडा.

नेमकी तेव्हाच डीपी आली. ट्रॅक्टरमधून आणली, चौकात नारळ फोडला, आणि संध्याकाळी आमच्या गल्लीत लख्ख उजेड पडला. शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून बघायचा असं ठरलं. भाकरी उन्हं असतानाच थापून झाल्या. सुनंदाच्या घरात, तिच्या सासऱ्याला बाहेर बाजेवर बसवून, आम्ही दाटीवाटीनं बसलो. मी भिंतीला टेकून. इंदूकाकू उंबऱ्याजवळ, एक पाय बाहेर.

पडद्यावरचं गाव बघून आधी सगळ्याच हिरमुसल्या. फार हिरवं होतं. बायकांच्या साड्या इस्त्रीच्या होत्या. विहिरीला संगमरवरासारखे दगड होते. पण हे चालवून घेतलं. मग अधिकारीणबाई विहिरीच्या काठावर आली, शेवाळावर बोट फिरवलं आणि म्हणाली की तपास पूर्ण झाला, कुणाचाच दोष नाही, तिचा पाय घसरला. संगीत वाजलं. सगळं घर मेलेल्या सुनेच्या हार घातलेल्या फोटोखाली जेवायला बसलं. अधिकारीणबाईलाही आग्रह झाला. तीही बसली. तिनं पुरणपोळी खाल्ली. समाप्त.

 जाहिरात लागली, साबणाची.

"संपलं?" सुनंदा म्हणाली. "आसं कसं संपलं?"

"आन कळशी?" भामामावशीनं पडद्याकडं हात केला, जणू आतल्या लोकांनी उत्तर द्यावं. "कळशीचं काय झालं? बांधून नेल्याली की. इंदे, कळशी दावलीच न्हाय."

इंदूकाकू उठल्या होत्या. "दूध चुलीवर ठिवून आले," असं म्हणून त्या गेल्या.

मी मात्र पेटले होते. बाकीच्यांना वाटलं की कळशी मागच्या भागात राहिली असेल, वीज नव्हती म्हणून आपण मुकलो. मी घरी गेले आणि लाज बाजूला ठेवून मोबाईलवर मागचे भाग काढले. पुढं ढकलत ढकलत बघितले. कुठंच कळशी नव्हती. कुणी काही बांधून नेलं नव्हतं. "कुनी हात लावायचा न्हाय" असं कुणी म्हणालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेवटचं वावर. रानात जाताना वाटेवर मी भामामावशीला हे सांगितलं. बोलणं कमी होतं, ताटांचा कडकड आवाज तेवढा. वावराचा शेवटचा तुकडा राहिला तेव्हा भामामावशीनंच विचारलं. तिच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता.

"इंदे, ती कळशी कुठली गं?"

इंदूकाकूंनी हातातली ताटं पायावर आपटली, माती झाडली, मागं टाकली. मग म्हणाल्या, "लताची."

आणि वाकल्या वाकल्याच सांगितलं. निरोप आला तेव्हा त्या मिळेल त्या जीपनं गेल्या. लेकीला अंगणात ठेवलं होतं. आतल्या घरात घडवंचीवर कळशी होती, लग्नात दिलेली, नाव घातलेली. काठोकाठ भरलेली, वर तांब्या पालथा. ती बघितली, पण डोक्यात काही शिरलं नाही. भेटायला माणसं येत होती, बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या. रडून रडून कुणाला चक्कर आली, कुणाच्या घशाला कोरड पडली. अशा घरात आल्या माणसाला पाणी द्यावं लागतं. सासू तोंडावर पदर घेऊन बसलेली. मग कुणीतरी हाक मारली, कुणीतरी पाणी द्या गं.

"म्याच दिलं," इंदूकाकू म्हणाल्या. "त्याच कळशीतलं. हात आपल्या आपन कामाला लागतेत की. तांब्या भरायचा, द्यायचा. भरायचा, द्यायचा. दुपारी पोलीस आले तवा माज्या ध्यानात आलं. म्या म्हनलं, सायेब, कळशी भरल्याली व्हती, मग ती पाण्याला कशाला जाईल? त्यांनी वाकून बघितलं. म्हनले, मावशी, ही तर रिकामी हाय."

सुनंदानं तोंडाला पदर लावला. बांधावर मालक उभा होता. तो ओरडला नाही.

मला वाटतं, मालिकेचा शेवट आम्हाला खरा कळला तो तेव्हा. सबंध सुगीभर इंदूकाकूंनी दुसऱ्यांच्या गोष्टीत आपल्या लेकीची कळशी नेऊन ठेवली होती. आपल्याला जे त्या दिवशी म्हणता आलं नाही ते जीपमधून उतरणाऱ्या एका बाईच्या तोंडी घातलं होतं. तिथपर्यंत सगळं त्यांच्या हातात होतं. बेड्या पडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. पण डीपी आली आणि मालिका त्यांच्या हातातून गेली. मुंबईत बसलेल्या कुणीतरी ठरवलं की आता दुसरं काहीतरी दाखवायचंय, हे आवरा. आणि त्यांनी ते ज्या शब्दांत आवरलं, नेमके त्याच शब्दांत एकदा इंदूकाकूंच्या लेकीचं आवरलं गेलं होतं.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. 'जाहीर निषेध.' भाषा जळजळीत होती, मला आजही पाठ आहे. आण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला.

"निषेध ठीक आहे. खाली मागणी कुठाय?"

"शेवट बदला, ही मागणी."

"कुणाकडं? पत्ता काय? पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्यानं काय करायचं ते लिहावं लागतं, बाळ. नाहीतर ते नुसतं रडणं."

मी वाहिनीच्या पानावर लिहिलं. माझ्या ओळीखाली लोक विचारत होते, नवी मालिका कधी येणार. फोन लावला. एक मंजुळ आवाज म्हणाला एक दाबा, दोन दाबा, आणि कोणताही आकडा शेवटासाठी नव्हता. मग मी इंदूकाकूंकडं गेले. म्हटलं, मालिका जाऊ द्या, खऱ्या प्रकरणाचं बघू. वरच्या कार्यालयात अर्ज करू, चौकशी पुन्हा मागू. मी कलमं सांगितली. लताच्या नावानं पत्रक काढू, तिच्या सासरच्या गावातच वाटू.

इंदूकाकू शेंगा फोडत होत्या. त्यांनी मला नीट ऐकून घेतलं.

"आन नात?" त्या म्हणाल्या.

लताची मुलगी बापाकडं असते. वर्षातून एकदा, येळवसीला, म्हणजे वेळा अमावस्येला, तिला आजीकडं सोडतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, आंबील शिंपडतात. ती पोर कोपीभोवती गोल गोल पळते आणि इंदूकाकू तिला नुसत्या बघत बसतात.

"म्या तोंड उघडलं की पोरगी बंद हुती," त्या म्हणाल्या. "तुजं बरोबर हाय गं. तू शिकल्याली हायीस. पर माजी येळवस तेवढी राहू दे."

 आमच्या घरातल्या सगळ्या गठ्ठ्यांमध्ये, पिवळ्या, गुलाबी, हिरव्या, एकही ओळ नव्हती जी मला तिथं उपयोगी पडली असती. अन्यायाविरुद्ध उभे राहा, असं लिहिलेलं होतं. उभं राहिल्यावर नात दिसेनाशी होणार असेल तर काय करायचं, ते कुणी छापलेलं नव्हतं. लताला लग्नात दिलेली भांडी नंतर सासरच्यांनी टेम्पोत घालून परत पाठवली होती. ती कळशी इंदूकाकूंच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होती. पालथी. नाव कोरलेली बाजू भिंतीकडं. एक वस्तू सगळं जाणते आणि तिचा काही उपयोग नाही, असं बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. पण मी बसले. शेंगा फोडू लागले.

लोक म्हणतात, मालिका ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मला त्यांचा राग येतो. ज्याला कोर्टात, ठाण्यात, भावकीत कुठंच शेवट मिळत नाही, तो माणूस तो शेवट गोष्टीत शोधतो. तिथंही त्याला ढकलून देणारे लोक निष्पाप नसतात. त्यांनी पुरणपोळी खाणारी अधिकारीण दाखवली. ती बघून किती घरांत, किती सासऱ्यांनी खाकरून घसा मोकळा केला असेल, याचा विचार त्यांनी केला नसेल. आणि मी त्यांचं काहीही करू शकत नाही. हे लिहितानाही मला ते माहीत आहे.

यंदाच्या येळवसीलाही इंदूकाकूंची नात आली होती. उंच झाली आहे. मी इंदूकाकूंना विचारलं, हे सगळं लिहू का. त्या नातीकडं बघत म्हणाल्या, "लिव्ह. पर आमाला कुनी वळखू नये." म्हणून गावाचं नाव घातलेलं नाही. इंदूकाकू, लता ही त्यांची खरी नावं नाहीत. कळशी तेवढी खरी आहे.

आण्णा म्हणतात तसं, खाली मागणी हवी. मालिकावाल्यांचा पत्ता मला सापडला नाही, म्हणून ही तुमच्याकडं करते. तुमच्या गावात, तुमच्या भावकीत एखादी बाई पाण्याला गेली आणि पाय घसरून गेली अशी बातमी आली, तर अंगणात थांबू नका. आधी आत जा. पाण्याची भांडी बघा. भरलेली असतील तर दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "कुनी हात लावायचा न्हाय." लोक तुमच्याकडं बघतील, बघू द्या. आणि रडून रडून कुणाच्या घशाला कोरड पडली, कुणी पाणी मागितलं, तर ते शेजारच्या घरातून आणून द्या.